विद्यापीठ प्रकाशनांची नवी यादी कशी वाचावी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था, ज्यांना आपण सरसकट ‘युनिव्हर्सिटी प्रेस’ म्हणतो, त्यांच्या वार्तापत्रांविषयी आणि नव्या पुस्तकांच्या सूचिपत्रांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. नावे प्रसिद्ध करू नयेत, अशी अनेकांची विनंती असल्याने कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : काही विद्यापीठ प्रकाशनांची हंगामी सूचिपत्रे मी नियमित पाहतो. प्रत्येक पुस्तक ‘मूलगामी’ आणि प्रत्येक लेखक ‘अग्रगण्य’ असतो. या गौरवातून खरी माहिती कशी वेचावी?

आपली तक्रार रास्त आहे. परंतु सूचिपत्रातील प्रत्येक नोंदीत दोन प्रकारचा मजकूर असतो. ठळक टाइपातील मजकूर विक्री विभागाने लिहिलेला असतो, तर बारीक टाइपातील तपशील संपादन आणि निर्मिती विभागाकडून आलेला असतो. वाचकाची नजर आधी ठळक मजकुरावर जाते. आपण नेमके उलट करावे, म्हणजे आधी बारीक टाइप वाचावा.

सुरुवात उपशीर्षकापासून करावी. विद्वत्तापूर्ण ग्रंथाचे मुख्य शीर्षक वाचकाला थांबवण्यासाठी योजलेले असते. पुस्तक कोणत्या काळाविषयी, प्रदेशाविषयी आणि साधनसामग्रीविषयी आहे, ते उपशीर्षकात सांगितलेले असते. शीर्षकात ‘साम्राज्य’ असेल आणि उपशीर्षकात एकाच बंदरातील तीस वर्षांचा जकातीचा व्यवहार असेल, तर पुस्तक त्या जकातीविषयी आहे असे समजावे. ते त्यामुळे कमी दर्जाचे ठरत नाही. बहुधा अधिक विश्वसनीयच ठरते.

त्यानंतर पृष्ठसंख्या, चित्रे, नकाशे आणि तक्ते यांची ओळ पाहावी. ‘२८८ पृष्ठे, ४ नकाशे, १७ तक्ते’ एवढ्यावरून लेखकाने आकडेवारी स्वतः मांडली आहे की केवळ इतरांच्या निष्कर्षांवर चर्चा केली आहे, याचा अंदाज येतो. मग ग्रंथमालेचे नाव पाहावे. पुस्तक एखाद्या मालेत येत असेल, तर त्या मालेच्या संपादकांनीही ते पाहिलेले असते, आणि मालेतील आधीची पाच-सहा शीर्षके नजरेखाली घातली की नव्या पुस्तकाचा रोख कळतो.

स्तुतिपर अभिप्रायांबाबत माझी स्वतःची पद्धत अशी आहे की, स्तुती काय केली आहे ते मी वाचत नाही, ती कोणी केली आहे ते वाचतो. अभिप्राय देणारा त्याच विषयातील, पण वेगळ्या मताचा अभ्यासक असेल, तर त्याचे एक कोरडे वाक्यही पुष्कळ सांगून जाते. लेखकाच्या मार्गदर्शकाने वाहिलेल्या स्तुतिसुमनांचा सुगंध घ्यावा आणि पुढे जावे.

शेवटी महिना पहा. सूचिपत्र साधारणपणे वर्षातून दोनदा, येत्या हंगामातील पुस्तकांसाठी, काही महिने आधी निघते. त्यामुळे त्यातील बरीच पुस्तके आपण वाचत असता त्या दिवशी अस्तित्वात आलेलीच नसतात. ‘आगामी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून ग्रंथालयात पुस्तक मागणाऱ्या आणि ते नाही म्हणून ग्रंथपालावर रागावणाऱ्या वाचकांची पत्रेही आमच्याकडे येतात.

प्रश्न : विद्यापीठाची प्रेस म्हणजे त्या विद्यापीठातील प्राध्यापकांची पुस्तके छापणारी सोय, असे आमच्या अभ्यासमंडळातील एका सदस्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

बरोबर नाही, प्रतिष्ठित प्रेसच्या यादीत इतर विद्यापीठांतील आणि इतर देशांतील लेखकांची संख्या मोठी असते. विद्यापीठाचे नाव पुस्तकाच्या कण्यावर येते ते लेखक तेथे नोकरीला आहे म्हणून नव्हे, तर तेथील अध्यापकांच्या मंडळाने त्या ग्रंथाला संमती दिलेली असते म्हणून. ऑक्सफर्डमध्ये या मंडळातील सदस्यांना ‘डेलिगेट’ म्हणतात, केंब्रिजमध्ये ‘सिंडिक’. अमेरिकेतील बहुतेक प्रेसमध्ये त्याला साधे ‘संपादक मंडळ’ म्हणतात. नावे निराळी असली तरी काम एकच आहे. जगातील दीडशेहून अधिक संस्था ज्या ‘असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रेसेस’ या संघटनेत आहेत, तिच्या सदस्यत्वासाठीही अशी विद्वानांची देखरेख अपेक्षित असते.

ही संमती कशी मिळते, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण ‘परीक्षित ग्रंथ’ हे शब्द हल्ली फार सैलपणे वापरले जातात. लेखक प्रथम प्रस्ताव पाठवतो : ग्रंथाचा मुख्य दावा, प्रकरणांची रूपरेषा, एक-दोन नमुना प्रकरणे. विषयाचा संपादक त्यांतील बहुसंख्य प्रस्ताव नम्रपणे परत करतो. जो प्रस्ताव टिकतो त्याचे पूर्ण हस्तलिखित साधारणपणे दोन बाह्य तज्ज्ञांकडे जाते. अनेक ठिकाणी तज्ज्ञांना लेखकाचे नाव कळते, लेखकाला मात्र तज्ज्ञांचे नाव कळत नाही. या कामाचे मानधन अगदी माफक असते, आणि रोख रकमेऐवजी तिच्या साधारण दुप्पट किमतीची पुस्तके घेण्याची सवलत अनेक प्रेस देतात; बरेच परीक्षक पुस्तकेच घेतात, हे वेगळे सांगायला नको.

अभिप्राय आले की प्रक्रियेतील सर्वांत उपयुक्त कागद तयार होतो. तो म्हणजे लेखकाचे लेखी उत्तर. कोणत्या आक्षेपानुसार काय बदलणार, कोणता आक्षेप अमान्य आणि का, हे त्यात मुद्देसूद लिहावे लागते. अभिप्राय आणि उत्तर हे दोन्ही मंडळापुढे ठेवले जातात. मंडळात त्या विषयाचा तज्ज्ञ असेलच असे नाही. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला मध्ययुगीन कायद्याच्या ग्रंथावर मत द्यावे लागते. बाहेरून हे विचित्र दिसते. परंतु तो वनस्पतिशास्त्रज्ञ विचारतो की, ‘पहिल्या परीक्षकाने तिसऱ्या प्रकरणाचा पुरावा अपुरा म्हटला आहे, लेखकाने त्याला उत्तर का दिलेले नाही?’, आणि या प्रश्नाला मध्ययुगीन कायदा माहीत असण्याची गरज नसते.

प्रस्तावापासून छापील प्रतीपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. म्हणजे या हंगामाच्या यादीतील ‘नवे’ पुस्तक हा दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या वादाचा आजचा निकाल असतो. ताज्या घडामोडींवरचे भाष्य हवे असेल, तर ते येथे शोधू नये.

प्रश्न : या संस्था किती जुन्या आहेत? सर्वांत जुनी कोणती, यावर आमच्यात पैज लागली आहे.

पैज कोणत्या शब्दांत लावली आहे, यावर निकाल अवलंबून राहील. केंब्रिजला आठव्या हेन्रीकडून छपाईचा हक्क १५३४ साली मिळाला, पण तेथील प्रेसचे पहिले पुस्तक निघाले ते १५८४ साली. ऑक्सफर्डला असा हक्क १५८६ मध्ये मिळाला. मात्र त्या गावात विद्यापीठाशी संबंधित छपाई त्याआधी शंभरहून अधिक वर्षे झाली होती. तेथील पहिल्या पुस्तकावर १४६८ हे वर्ष छापलेले आहे. अभ्यासकांच्या मते ते १४७८ असायला हवे. रोमन अंकांत लिहिलेल्या वर्षातून दहाचा ‘एक्स’ जुळारी गाळून बसला आणि पुस्तक दहा वर्षांनी म्हातारे झाले. एवढ्या नामांकित परंपरेचा आरंभ छापील चुकीने व्हावा, ही गोष्ट मुद्रितशोधकांना दिलासा देणारी आहे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १८६९ मध्ये प्रेस काढली, पण ती १८८४ मध्ये बंद पडून १९३० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे ‘अखंड चालू असलेली सर्वांत जुनी अमेरिकन प्रेस’ हा मान १८७८ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रेसकडे जातो.

प्रश्न : एकाच पुस्तकाची ‘नवी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘नव्या रूपात’ अशी तीन वेळा जाहिरात आली. तिन्हींत फरक काय? आणि तो पुस्तक हातात नसताना कसा ओळखावा?

हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले विशेष आभार, कारण या घोळात मी स्वतः फसलो आहे. एका प्रकाशनसंस्थेच्या वार्तापत्रात ‘नव्या रूपात’ असे वाचून, घरी असलेल्याच एका ग्रंथाची मी दुसरी प्रत मागवली. मुखपृष्ठ नवे होते, चार पानांची प्रस्तावना नवी होती. त्यापुढे मात्र पृष्ठ १३७ वर जुन्या प्रतीत मी पेन्सिलीने खूण केलेली छपाईची चूक जशीच्या तशी माझ्याकडे पाहत होती.

पुनर्मुद्रण म्हणजे तीच पाने पुन्हा छापणे. आवृत्ती म्हणजे मजकुरात लक्षणीय बदल. ‘नव्या रूपात’ म्हणजे बहुतेक वेळा जुनाच मजकूर, नवे वेष्टन आणि एखादी जोडप्रस्तावना. खऱ्या आवृत्तीचे उदाहरण हवे असेल, तर शिकागो विद्यापीठाच्या प्रेसची लेखन-संपादनाची नियमपुस्तिका पाहावी. ती प्रथम १९०६ मध्ये निघाली आणि तिची अठरावी आवृत्ती २०२४ मध्ये आली. सतरावी जवळ असलेल्या संपादकाला अठरावी घेण्यावाचून गत्यंतर नसते, कारण नियमच बदललेले असतात.

पुस्तक हातात असेल तर नामपृष्ठाच्या मागचे पान उघडावे. तेथे अनेकदा दहापासून एकपर्यंत किंवा एकापासून दहापर्यंत अंकांची एक ओळ दिसते. प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी त्यातला सर्वांत लहान अंक काढून टाकतात. ओळीत सर्वांत लहान अंक ४ असेल, तर आपली प्रत चौथ्या छपाईची आहे. मजकूर बदलला की नाही हे त्यावरून कळत नाही. ते त्याच पानावरील आवृत्तीच्या उल्लेखावरून कळते.

पुस्तक हातात नसेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, उपयोगी पडतो. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. ९७८-०-२२६ अशी सुरुवात असेल, तर ९७८ हा पुस्तकांसाठीचा उपसर्ग, ० हा इंग्रजी भाषेच्या गटाचा आणि २२६ हा शिकागोच्या प्रेसचा क्रमांक; त्यापुढचे अंक त्या पुस्तकाचे आणि शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर लिहिले आहेत की नाही हे तपासण्यासाठी असतो. परंतु येथे एक गोम आहे. पक्की बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे आयएसबीएन दिले जातात. म्हणून क्रमांक बदलला याचा अर्थ मजकूर बदलला असा होत नाही. पृष्ठसंख्या मात्र सहसा फसवत नाही. जुनी ३१२ आणि नवी ३१६ असेल, तर माझी चार पानांची प्रस्तावना आठवावी.

प्रश्न : ग्रंथ उत्तम, पण किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर. नफा मिळवणे हा उद्देश नाही म्हणतात, मग हे कसे?

प्रतींची संख्या हे त्याचे मुख्य कारण आहे. एका विषयाला वाहिलेला शोधग्रंथ आज काही शे प्रतींपुरताच खपतो, आणि त्यांतील मोठा वाटा ग्रंथालयांचा असतो. खर्च मात्र प्रतींच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो : संपादकाचा वेळ, परीक्षण, भाषासंपादन, अक्षरजुळणी, नकाशे. २०१६ साली वीस अमेरिकन विद्यापीठ प्रेसच्या ग्रंथांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका शोधग्रंथाचा खर्च सुमारे १५ हजार डॉलरपासून सुमारे १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत आढळला होता, आणि त्यात मुख्य भार छपाईचा नव्हे, तर माणसांच्या वेळेचा होता. हा आकडा काही शे प्रतींनी भागून पहावा.

म्हणूनच अनेक प्रेस प्रथम ग्रंथालयांसाठी पक्क्या बांधणीची महाग प्रत काढतात आणि वर्ष-दीड वर्षाने कागदी बांधणीची स्वस्त प्रत आणतात. सूचिपत्राच्या मागच्या पानांत ‘आता कागदी बांधणीत’ असा विभाग असतो. वैयक्तिक खरेदीदाराने सूचिपत्र मागून उघडावे, असे मी सुचवीन.

विक्री मंद असणे हा या व्यवसायात पूर्वी कमीपणा मानला जात नसे. ऑक्सफर्डने १७१६ मध्ये कॉप्टिक या इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतील ‘नव्या करारा’चे (बायबलच्या उत्तरार्धाचे) लॅटिन भाषांतर ५०० प्रतींत छापले. शेवटची प्रत विकली गेली १९०७ मध्ये. म्हणजे १९१ वर्षे ते पुस्तक ‘उपलब्ध’ या सदरात होते आणि कोणीतरी त्याचे गठ्ठे जपून ठेवत होते. आज मागणीनुसार एक-एक प्रत छापण्याची सोय झाल्याने गोदामाची गरज घटली आहे. त्याचा तोटा असा की, काही प्रतींची छपाई फिकी आणि छायाचित्रे काळवंडलेली असतात. चित्रांसाठीच पुस्तक घेत असाल, तर प्रत कशी छापली आहे ते आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : हल्ली काही विद्यापीठ प्रेसची नवी पुस्तके संकेतस्थळावरून पूर्णपणे विनामूल्य उतरवून घेता येतात. ती दुय्यम दर्जाची असतात का? आणि अशा पुस्तकाचा मराठी अनुवाद मी परवानगीशिवाय करू शकतो का?

पहिल्या भागाचे उत्तर : नाही. प्रतिष्ठित प्रेसमध्ये अशा ग्रंथालाही त्याच परीक्षणातून आणि त्याच मंडळापुढून जावे लागते. फरक असतो तो पैसे कोण भरतो यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रेसने २०१५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात ग्रंथाचा खर्च लेखकाची संस्था, ग्रंथालये आणि स्वतः प्रेस मिळून उचलतात. एमआयटी प्रेसने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत ग्रंथालये एकत्रितपणे वर्गणी देतात आणि ठरावीक संख्येने ग्रंथालये सहभागी झाली की त्या हंगामातील शोधग्रंथ सर्वांसाठी खुले होतात. ही दुसरी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण तीत पैसे भरू न शकणाऱ्या लेखकाचे दार बंद होत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर पुस्तकाच्या परवान्यात आहे. ‘विनामूल्य’ (वाचायला पैसे न लागणारे) आणि ‘मुक्त’ (पुनर्वापराचीही परवानगी असलेले) हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाच्या, पुनर्वापराच्या अटी सांगणाऱ्या प्रमाणित परवान्यांत ‘सीसी बीवाय’ एवढेच लिहिले असेल, तर मूळ लेखकाचा योग्य उल्लेख करून आणि आपण अनुवाद केला आहे असे नमूद करून आपण तो प्रसिद्ध करू शकता. त्यापुढे ‘एनसी’ असेल, तर व्यावसायिक वापर वर्ज्य आहे. ‘एनडी’ ही अक्षरे असतील, तर मूळ मजकुरावर बेतलेली कृती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि अनुवाद ही तशीच कृती मानली जाते. तेव्हा लेखी परवानगी घ्यावी लागेल. शिवाय पुस्तकातील छायाचित्रे बहुधा तिसऱ्याच कोणाच्या मालकीची असतात आणि परवाना त्यांना लागू होत नाही. प्रेसच्या हक्क विभागाला पत्र लिहिताना पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, भाषा, अंदाजे प्रती आणि प्रकाशन कागदी की विद्युत, एवढे एकाच पत्रात द्यावे. उत्तर लवकर येते.

प्रश्न : विद्यापीठ प्रेस बंद पडत असल्याच्या बातम्या येतात. त्या कितपत खऱ्या?

काही खऱ्या, काही वेळीच खोट्या ठरलेल्या. राइस विद्यापीठाची प्रेस १९९६ मध्ये बंद झाली, २००६ मध्ये पूर्ण डिजिटल स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि २०१० मध्ये परत बंद झाली. मिसुरी विद्यापीठाने २०१२ मध्ये आपली प्रेस बंद करण्याचे जाहीर केले, परंतु लेखक आणि वाचकांचा विरोध इतका झाला की त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला. स्टॅनफर्डमध्ये २०१९ साली १७ लाख डॉलरची वार्षिक मदत नाकारण्यात आली होती. तेथेही गदारोळानंतर निधी द्यावा लागला. अशा बातमीत ‘तोटा’ हा शब्द आला की थोडे थांबावे. विद्यापीठ आपल्या ग्रंथालयाचा आणि प्रयोगशाळेचा खर्च ‘तोटा’ म्हणून मांडत नाही. प्रेसचा मात्र मांडते.

प्रश्न : या संस्था कथा-कविता छापतात का? एकाच वाक्यात उत्तर चालेल.

छापतात : येल विद्यापीठाच्या प्रेसची तरुण कवींसाठीची ग्रंथमाला १९१९ पासून चालू आहे, आणि लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या प्रेसने १९८० मध्ये काढलेल्या एका कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रश्न : वार्तापत्रात जाहीर झालेल्या पुस्तकाची तारीख दोनदा पुढे गेली. लेखकाने विलंब केला असेल का?

तसे असू शकते, परंतु शेवटच्या टप्प्यातील विलंबाचे एक नेहमीचे कारण म्हणजे शब्दसूची, म्हणजे कोणता विषय वा नाव कोणत्या पानावर आहे ते सांगणारी पुस्तकाच्या शेवटची यादी. ती पाने कायम झाल्याशिवाय करताच येत नाही, आणि बहुतेक करारांत ती करण्याची किंवा करवून घेण्याची जबाबदारी लेखकावर असते. तिला दोन-तीन आठवडे मिळतात. त्या मुदतीत एखाद्या छायाचित्राची परवानगी नाकारली गेली आणि ते चित्र काढावे लागले, तर त्यापुढील पाने सरकतात आणि सूचीतील शेकडो पृष्ठांक चुकतात. मग सूची पुन्हा तपासावी लागते, छापखान्यातील ठरलेली वेळ निघून जाते, आणि पुढची वेळ मिळेपर्यंत वार्तापत्रात नवी तारीख येते.